एंटरप्राइजचं रिग ट्यूनिंग: मुंबई हार्बरमधल्या हिवाळी नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पावसाळाभर ताडपत्रीखाली असलेली आमची एंटरप्राइज ही छोटी शिडाची बोट आता पाण्यात जायला तयार आहे, हलचं (बोटीच्या अंगाचं) काम संपलं, प्लायवूड कोरडं ठणठणीत आहे, रंगही झाला, आता उरलं खरं काम म्हणजे रिग, मास्ट (डोलकाठी), त्याला धरणाऱ्या तारा आणि शिडं. मेन सेल, म्हणजे मुख्य शीड, चांगलं आहे, सेकंडहँड घेतलंय पण आधीच्या मालकाने जेमतेम वापरलेलं, कापड अजून कडक. तरी गेल्या सीझनला हेच मेन लावून बीटवर (वाऱ्याकडे नागमोडी चढताना) आमची बोट वर चढायलाच तयार नव्हती. सकाळच्या सपाट पाण्यात ठीक चालायची, पण दुपारी खारे वारे सुरू झाले आणि लाट उठली की बाकीच्या एंटरप्राइज आमच्यापेक्षा उंच (वाऱ्याच्या जास्त जवळच्या कोनात) पण जायच्या आणि जोरात पण. क्रू म्हणजे माझा मावसभाऊ, दोघांचं मिळून वजन बरोबर आहे, हाइकिंगला (काठावरून बाहेर लटकून बोट सरळ ठेवायला) आम्ही कमी पडत नाही, म्हणजे जे काय आहे ते वर मास्ट आणि शिडातच आहे.

बोट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॅक होल्टचं १९५६ चं डिझाइन, ४.०४ मीटर लांब, दोन माणसं, मेन आणि जिब (पुढचं छोटं शीड) मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर निळं शीड, स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचं फुगीर शीड) नाही, ट्रॅपीझ (मास्टवरच्या तारेने बाहेर लटकायची सोय) नाही. १९८२ च्या आशियाई खेळांचं सेलिंग मुंबईत झालं तेव्हा हा क्लास (एकाच नमुन्याच्या बोटींचा गट) त्यात होता, त्याचं गोल्ड पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोने नेलं आणि फायरबॉल या दुसऱ्या क्लासचं आपल्या फारुख तारापोर आणि झरीर करंजियाने मारलं. ट्रॅपीझ नसल्यामुळे जास्तीचा वारा अंगाने पेलायला मर्यादा येते, पॉवर कमी-जास्त करायची ती शिडाचा आकार बदलूनच, आणि मला हा क्लास एवढा आवडतो तो त्यामुळेच.

या सीझनचं ठरवलंय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेलं सगळं इथे लिहायचं.

७ डिसेंबर, शनिवार

आज दिवसभर फक्त मापं. बोट ट्रॉलीवर, पाणसळ लावून आडवी-उभी लेव्हल केली, मास्ट उभा केला, जिब चढवून हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) रेसिंगला ताणतो तेवढा ताणला. जिब ताणल्याशिवाय यातलं एकही माप घेऊ नका, कारण रेस करताना फोरस्टे (मास्टला पुढून धरणारी तार) ढिला असतो आणि सगळं रिग जिबच्या लफमधल्या (पुढच्या कडेतल्या) तारेवर आणि दोन श्राउडवर (बाजूच्या तारांवर) उभं असतं. श्राउडचं टेन्शन क्लबमधून आणलेल्या लूस गेजवर (तारेचा ताण मोजायच्या यंत्रावर) १६० किलोच्या आसपास आलं, तेवढंच ठेवलं.

रेक (मास्टचा मागे कल) मोजायला मेन हॅलयार्डला टेप अडकवून नेहमीच्या उंचीपर्यंत चढवला आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या फळीच्या) वरच्या कडेच्या मधोमध धरला. या मापाला इथून पुढे शून्य म्हणणार आहे, म्हणजे मास्ट मागे झुकवला की उणे आणि पुढे उभा केला की अधिक. तोच टेप दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटला (श्राउड बोटीला जोडतात त्या पट्टीला) लावला, दोन्हीकडे सारखं भरलं, म्हणजे मास्ट मधोमध उभा आहे. प्रीबेंडसाठी (शिडं ताणण्याआधीच असलेला मास्टचा बाक) मेन हॅलयार्ड गूजनेकजवळ (मेनखालची आडवी काठी, म्हणजे बूम, जिथे जोडतात तिथे) मास्टच्या मागच्या बाजूला घट्ट धरला आणि स्प्रेडरच्या (श्राउड मास्टपासून बाहेर ढकलणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) उंचीला दोरी आणि मास्टमधली फट मोजली, ३२ मिलिमीटर. एकही शीट (शीड ओढायची दोरी) ओढलेली नसताना एवढा बाक मला जास्त वाटला.

मग स्प्रेडर. दोन्ही श्राउडवर स्प्रेडरच्या टोकांजवळ एक सरळ पट्टी आडवी धरायची आणि पट्टीपासून मास्टपर्यंतचं अंतर घ्यायचं, म्हणजे स्प्रेडर किती मागे वळलेत ते कळतं. उजवा स्प्रेडर डाव्यापेक्षा ७ मिलिमीटर जास्त मागे निघाला! पोर्ट टॅकला (वारा डावीकडून असताना) बोट बरी आणि स्टारबोर्डला मेल्यासारखी, ही मावसभावाची तक्रार गेल्या वर्षीपासून चालू होती, तिचं मूळ इथे सापडलं. स्टारबोर्ड टॅकला वारा उजवीकडून येतो, ताण उजव्या श्राउडवर असतो, आणि तोच स्प्रेडर जास्त मागे असेल तर त्या टॅकला मास्टचं पोट जास्त पुढे ढकललं जातं आणि मेन जास्त सपाट होतं. आत्ता फक्त दोन्ही सारखे केले, अजून पुढे-मागे काही केलं नाही.

मास्ट खाली घेतल्यावर कापसाचा बोळा घेऊन दोन्ही श्राउडवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. जिथे तारेचा एखादा तंतू तुटलेला असतो तिथे कापूस अडकतो, डोळ्याला काही दिसत नसलं तरी. डाव्या श्राउडला खालच्या टर्मिनलच्या अगदी वर कापसाची पांढरी शेपटी लटकली. दोन्ही श्राउड बदलायचे, एकच बदलला तर नवी आणि जुनी तार वेगवेगळी ताणली जाते आणि आज केलेलं सगळं मोजमाप फुकट जाईल.

८ डिसेंबर, रविवार

जुन्याच श्राउडवर, अगदी हलक्या वाऱ्यात, सकाळी. मतलई वारा, ५-६ नॉट असेल. आज फक्त फोटो काढायचे होते. मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये, क्रूने बूमच्या मध्याखाली डोकं घालून सरळ वर बघत फोटो घ्यायचा, मेनवर आडव्या काळ्या ड्राफ्ट स्ट्राइप आधीच चिकटवल्यात त्यामुळे आकार लगेच कळतो.

फोटो बघायचीही गरज नव्हती खरं तर, किकर (बूम खाली ओढणारी दोरी) आणि शीट जरा ओढली की क्ल्यूपासून (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून) निघून लफच्या मध्याकडे जाणाऱ्या तिरक्या घड्या साफ दिसत होत्या. मास्ट शिडाच्या कापापेक्षा जास्त वाकला की या घड्या येतात. आजच्या एवढ्याशा वाऱ्यात त्या यायलाच नको होत्या.

घरी येऊन फोटोवर रेघ मारली, मधल्या स्ट्राइपची लफपासून लीचपर्यंत (मागच्या कडेपर्यंत) सरळ लांबी आणि त्या रेघेपासून शिडाचं सगळ्यात जास्त पोट, दोन्हीचा भागाकार केला की खोली टक्क्यात मिळते. आली ८ टक्के. जोराच्या वाऱ्यात सपाट पाण्याला चालेल, ५-६ नॉटला हे पुठ्ठ्यासारखं शीड आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

श्राउडची तार नागदेवी स्ट्रीटवर शोधली. दुकानदार सगळीकडे ७ बाय १९ पुढे करतात कारण ती लवचिक असते आणि विंच-पुलीला तीच चालते, आपल्याला श्राउडला १ बाय १९ हवी, तंतू कमी, जाड आणि ताणाखाली लांबते कमी. ३ मिलिमीटर स्टेनलेस मिळाली, टर्मिनल प्रेस करून घेतले, दोन्ही श्राउड शेजारी शेजारी खिळ्याला अडकवून लांबी सारखी आहे ना बघूनच घेतले.

संध्याकाळी मेन बिल्डिंगच्या गच्चीवर पसरलं. हे काम प्रत्येकाने आपल्या शिडाचं एकदा तरी करावंच असं मला मनापासून वाटतं. हेड (शिडाचा वरचा कोपरा) आणि टॅक (पुढचा खालचा कोपरा) यांच्यामध्ये ओळंब्याची दोरी ताणून बांधायची, लफ जवळचं कापड हाताने सपाट करायचं आणि दोरीच्या पुढे लफ किती बाहेर येतं ते दर अर्ध्या मीटरवर मोजायचं. शिडाची पुढची कड सरळ कापलेली नसते, तिला गोलाई दिलेली असते, आणि मास्ट वाकून पुढे गेला की तो ही गोलाई खाऊन टाकतो, म्हणजे शीड सपाट होतं. गोलाईपेक्षा मास्ट जास्त वाकला तर पुढच्या भागात कापडच उरत नाही आणि घड्या येतात. मास्ट गोलाईपेक्षा कमी वाकला तर उरलेलं कापड पोटात जातं आणि शीड खोल होतं. आमच्या मेनची गोलाई सगळ्यात जास्त ४८ मिलिमीटर, लफच्या मध्याच्या जरा खाली. आता दुसऱ्या बोटीवरच्या मित्राने गेल्या सीझनला बीटवर बाजूने काढलेला आमचा एक फोटो होता, त्यात मास्टवर सरळ रेघ टाकून प्रमाणात मोजलं तर बाक ८० च्या जवळ! म्हणजे शीड कडक मास्टसाठी कापलेलं आणि आमचं रिग लवचिक मास्टसारखं लावलेलं. सेलमेकरचा यात काही दोष नाही, शीड उत्तम आहे, ते ज्या मास्टवर पहिल्यांदा होतं त्याच्यासाठी बरोबरच असणार.

२१ डिसेंबर, शनिवार

स्प्रेडरची टोकं दोन्हीकडे १५ मिलिमीटर पुढे घेतली. स्प्रेडर मागे असले की श्राउडचा ताण मास्टच्या मध्याला पुढे ढकलतो, पुढे घेतले की तेवढा ढकलत नाही आणि मास्ट कडक वागतो. लांबी मुद्दाम बदलली नाही, लांबीचा परिणाम आडव्या बाकावर जास्त असतो, तो विषय वेगळा.

डेकवरच्या गेटमध्ये (मास्ट जातो त्या खाचेत) मास्टच्या पुढे एक पातळ चॉक (पाचर) घातला म्हणजे किकर ओढल्यावर मास्टचा खालचा भाग पुढे पळणार नाही. स्प्रेडर हलवले की रेक आणि टेन्शन दोन्ही बदलतात हे लक्षात ठेवा, परत सगळं मोजावं लागलं, श्राउड एक भोक खाली घेऊन रेक शून्यावर, टेन्शन १६० वर. प्रीबेंड आता १७.

२२ डिसेंबर, रविवार

घड्या गेल्या. मधल्या स्ट्राइपची खोली साडेअकरा टक्के, पोट लफपासून ४५ टक्क्यांवर, कनिंगहॅम (मेनची लफ खाली ताणणारी दोरी) थोडा घेतला की ४० च्या आसपास येतं. वारा ६ ते ८. बोटीला हात लावल्या लावल्या कळलं, टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) हलकासा ओढा आला, आधी तो नव्हताच.

मेनच्या वरच्या बॅटनजवळ (शिडातल्या आडव्या पट्टीजवळ) लीचला जी टेलटेल (हवेचा प्रवाह दाखवणारी फीत) आहे ती आता खरंच काहीतरी सांगायला लागली. बीटवर शीट हळूहळू ओढत जायची, टेलटेल सरळ मागे उडत असते, एका क्षणी ती लीचच्या मागे, वाऱ्याआड लपायला लागते, म्हणजे वरच्या भागातला प्रवाह तुटतोय. निम्मा वेळ उडतेय आणि निम्मा वेळ लपतेय अशी ठेवायची. आधी आमची कायम उडतच असायची, कितीही ओढा, कारण मास्ट वाकून लीच सैल पडायची. पॉइंटिंग, म्हणजे वाऱ्याकडची उंची, मिळत नव्हतं ते याचमुळे, लीच बंद होतच नव्हती.

११ जानेवारी २०२५, शनिवार

छान दिवस. दुपारी वारा उत्तर-वायव्येकडून, ८ ते १०, ओहोटी लागलेली, पाणी गुळगुळीत. दुसऱ्या एका एंटरप्राइजच्या शेजारी लांबच्या लांब बीट मारली आणि उंचीत, वेगात बरोबरीत. गेल्या वर्षी याच बोटीचा ट्रान्सम बघत सेलिंग केलंय आम्ही. काहीही बदललं नाही, बदलायची इच्छाच झाली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काल माघी गणपती होता म्हणून शनिवार गेला, आज निघालो. क्लबच्या मीटरवर वारा परत १० च, दिशाही तीच, सेटिंग तंतोतंत ११ जानेवारीचं, आणि बोट पूर्ण वेगळी. दोघं पूर्ण बाहेर लटकून पण बोट आडवी होतेय, आखूड उभी लाट नाकावर आदळतेय, प्रत्येक लाटेला थांबतेय, त्यात मांडव्याला जाणाऱ्या फेरीबोटींच्या लाटा बाजूने. मीटर बिघडला असेल असं मावसभाऊ म्हणाला.

किनाऱ्यावर बोट ओढायला मदत करणारे तांडेल काका आहेत, आयुष्य मासेमारीत गेलेलं, त्यांना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठं चाललं होतं?"

हाच प्रश्न आहे. अमावस्या होऊन चार दिवस झालेत, उधाणाचं पाणी आहे, आणि आज दुपारी दोनच्या पुढेपर्यंत भरती आत येत होती, म्हणजे साधारण उत्तरेकडे. वारा उत्तर-वायव्येकडून. म्हणजे पाणी बोटीला वाऱ्यात ढकलतंय. शिडाला जमिनीवरचा वारा कळत नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीला जो लागतो तोच कळतो. उधाणाला हार्बरमध्ये प्रवाह दोन नॉटपर्यंत सहज जातो, वारा आणि पाणी अगदी समोरासमोर नाहीत म्हणून त्यातले दीड नॉट धरू. मग भरतीला १० चा झाला साडेअकरा आणि ओहोटीला १० चाच झाला साडेआठ. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हिशेब केला तर शिडावरचा दाब ओहोटीपेक्षा भरतीला १.८ पट. मीटरवर आकडा तोच! आणि वर वारा आणि पाणी एकमेकांविरुद्ध असल्याने लाट आखूड आणि उभी होते, ओहोटीला तीच आडवी पसरते.

ट्यूनिंग गाइड वाचताना हे कुठे सापडत नाही, कारण त्यात वाऱ्याचे रकाने असतात, इतक्या नॉटला इतका रेक. ज्या तळ्यावर पाणी हलतच नाही तिथे ते पुरतं, खडकवासल्याला तसंच वापरा. पण जिथे उधाणाला पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं तिथे भरती-ओहोटीचं टाइमटेबल हातात घेतल्याशिवाय रिग लावणं अर्धवट आहे, हे माझं आता पक्कं मत झालंय.

अडचण अशी की भरतीच्या वेळी वारा म्हणतो शीड सपाट करा आणि लाट म्हणते पॉवर द्या नाहीतर मी थांबवते. दोघांचं ऐकायचं तर शीड वर-खाली वेगवेगळं लावायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

यासाठी मुद्दाम आजचा दिवस निवडला, पौर्णिमा बुधवारी झाली, दुपारच्या आधीपासून दोन-सव्वादोनपर्यंत भरती आणि नंतर ओहोटी, म्हणजे एकाच दुपारच्या वाऱ्यात दोन्ही मिळतात. ती दुसरी एंटरप्राइज पण आली, तिने काहीही बदलायचं नाही, आम्ही बदलत जायचं, दोन्ही बोटी साधारण चार बोटींच्या अंतराने शेजारी, एकमेकांच्या खराब वाऱ्यात न येता.

भरतीवर आधी जानेवारीचंच सेटिंग, लगेच मागे पडलो. मग किकर पूर्ण सैल आणि मेनशीट टाइटपेक्षा हातभर ढिली, वरची लीच उघडली, वरची टेलटेल आता कायम उडतेय. वरच्या भागावरचा दाब बोट आडवी करण्यात सगळ्यात पुढे असतो, तो डेकपासून लांब असतो ना, तेवढाच जोर खाली लागला तर कलवायला कमी आणि ढकलायला तितकाच. म्हणून वर सोडलं आणि खाली उलट आउटहॉल (क्ल्यू बूमच्या टोकाकडे ताणणारी दोरी) दोन बोटं सैल करून पोट वाढवलं. बोट उभी राहिली, लाटेतून निघायला लागली. कनिंगहॅम घेतल्यावर अजून बरं वाटलं, पोट पुढे आलं की पुढची कड गोलसर होते आणि लाटेत नाक इकडे तिकडे झालं तरी प्रवाह लगेच तुटत नाही, सुकाणू धरणाऱ्याला थोडी सूट मिळते. उंची किंचित कमी मिळते पण वेग एवढा वाढला की शेजारच्या बोटीला पुढून क्रॉस करता आलं.

मग जिब. मेन वर उघडलं आणि जिब तसंच बंद ठेवलं तर जिबच्या लीचमधून निघालेली हवा मेनच्या पाठीवर आपटते, लफजवळ मेन आत फुगतं. जिबचं फेअरलीड (जिबची शीट जिच्यातून जाते ती कडी) एक भोक मागे घेतलं, त्याने फूट ताणलं जातं आणि वरची लीच उघडते, दोन्ही शिडांमधली वाट वरपासून खालपर्यंत सारखी झाली. फुगणं थांबलं.

तीननंतर ओहोटी लागली, पाणी सपाट व्हायला लागलं आणि हेच सेटिंग मंद वाटू लागलं, शेजारची बोट वर चढून गेली. शीट परत घट्ट, बूम मध्यरेषेजवळ, आउटहॉल ताणला, कनिंगहॅम पूर्ण सोडला, फेअरलीड जागेवर, आणि परत बरोबरी.

२ मार्च, रविवार

१४-१५ नॉट, झोत १८ पर्यंत. इथे ट्विस्टने (शीड वरून उघडून) भागत नाही. निघायच्या आधी किनाऱ्यावर श्राउड एक भोक खाली घेऊन रेक उणे ४ सेंटिमीटर, टेन्शन थोडं वाढवून १७५. टेन्शन वाढवलं की जिबची पुढची तार कमी लोंबते, जिब पुढून सपाट राहतं. रेक मागे नेला की मेनचं वरचं टोक मागे आणि खाली येतं, जिबचं क्ल्यू पण खाली येतं त्यामुळे फेअरलीड न हलवता जिब वर आपोआप उघडतं, म्हणून आज फेअरलीड मूळ जागेलाच ठेवलं. गेटमधला चॉक काढला, आज मास्ट खालून वाकायला हवाच, किकर जोरात घेतला, शीड सपाट झालं, एक-दोन घड्या आल्या पण या वाऱ्यात त्या चालतात.

टिलरवर ओढा जास्त वाटला तेव्हा सेंटरबोर्ड (पाण्याखालची उभी फळी) थोडं वर घेतलं, बोर्ड मागे सरकतं आणि टिलर हलका होतो. क्रूला ते आवडलं, मला अजून जरा जास्त वर घेऊन बघायचंय.

८ मार्च, शनिवार

खुणा करून टाकल्या. आउटहॉल आणि कनिंगहॅमच्या दोरीवर मार्करने, किकरच्या दोरीला रंगीत धाग्याची गाठ, फेअरलीडच्या ट्रॅकवर भोकांना आकडे. बूमच्या बाजूला एक पट्टी चिकटवली, त्यावर दोनच मोठे रकाने, पाणी वाऱ्याविरुद्ध आणि पाणी वाऱ्याबरोबर, आणि प्रत्येकाच्या खाली जमिनीवरचा वारा ८, १० आणि १२ नॉट. १४ च्या वरचं सेटिंग वेगळं लिहिलं कारण त्यात रेक किनाऱ्यावरच बदलावा लागतो.

स्प्रेडरची लांबी अजून हातच लावलेली नाही. आम्ही दोघं या क्लासला जरा हलकेच आहोत असं जोराच्या वाऱ्यात जाणवलं, स्प्रेडर ५ मिलिमीटर आखूड केले तर मास्टचं वरचं टोक झोतात बाजूला झुकून दाब सोडेल, पण मग हलक्या वाऱ्यात पॉइंटिंग जाईल का ते बघावं लागेल. पुढच्या शनिवारी आधी एकट्या मेनवर, जिब फक्त तारेच्या ताणापुरतं गुंडाळून, आडवा बाक किती येतो त्याचे मागून फोटो घेणार, मगच करवत लावायची.